राष्ट्रपती होण्याआधीची तेवीस वर्षे: जळगाव, एदलाबाद आणि एका लोकप्रतिनिधीचा हिशेब

१/
२५ जुलै १९८७. रामस्वामी व्यंकटरमण यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. ते तोपर्यंत उपराष्ट्रपती आणि त्या नात्याने राज्यसभेचे सभापती होते, त्यामुळे सभापतींचे आसन रिकामे झाले. डॉ. शंकरदयाळ शर्मा उपराष्ट्रपती म्हणून रुजू होईपर्यंत, म्हणजे २ सप्टेंबरपर्यंत, राज्यघटनेच्या ९१ व्या अनुच्छेदानुसार त्या आसनाची जबाबदारी उपसभापतींकडे आली. उपसभापती होत्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील. बरोबर वीस वर्षांनी, २५ जुलै २००७ रोजी, त्यांनी स्वतः राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली.

२/
‘देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती’ ही त्यांची ओळख आता स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातील एक ओळ झाली आहे. त्या ओळीने फार मोठा काळ झाकला आहे. १९६२ ते १९८५ अशी सलग तेवीस वर्षे त्या महाराष्ट्र विधानसभेच्या सदस्य होत्या. पाच निवडणुका, दोन मतदारसंघ, एकही पराभव नाही. २०१२ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा चर्चा झाली ती शेवटच्या पाच वर्षांची. हा धागा प्रामुख्याने आधीच्या तेवीस वर्षांचा आहे, आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नाचा: निवृत्त होणाऱ्या लोकप्रतिनिधीचा गौरव करायचा, तर नेमका कशाचा?

३/
आधी भूमी पाहू. ब्रिटिश अमदानीत खानदेश हा एकच विस्तीर्ण जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. संयुक्त महाराष्ट्र अस्तित्वात आल्यावर पूर्व खानदेशाचा जळगाव आणि पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. तापी, पूर्णा, गिरणा, पांझरा या नद्यांचा हा प्रदेश. कापूस आणि केळी ही त्याची पिके, अहिराणी ही त्याच्या मोठ्या भागाची घरची बोली, आणि मुंबईपासूनचे अंतर हे त्याचे कायमचे गाऱ्हाणे.

४/
राजकारणात मात्र हा प्रदेश मागे नव्हता. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी काँग्रेसचे अधिवेशन यावल तालुक्यातील फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, महात्मा गांधी उपस्थित होते, आणि बांबूच्या ‘टिळकनगर’ची सजावट नंदलाल बोस यांच्या देखरेखीखाली झाली होती. याच अधिवेशनात काँग्रेसने शेतीविषयक कार्यक्रम स्वीकारला. अधिवेशनासाठी राबणाऱ्यांमध्ये धनाजी नाना चौधरी आणि अमळनेरचे साने गुरुजी होते. धनाजी नानांचे पुत्र, खिरोद्याचे मधुकरराव चौधरी, पुढे १९९० ते १९९५ या काळात महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष झाले.

५/
धुळ्याकडचा प्रवाह वेगळा होता. १९४४ मध्ये शिंदखेडा तालुक्यातील चिमठाणे येथे क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. या कामगिरीत सातारच्या प्रतिसरकारातील मंडळींबरोबर खानदेशातील क्रांतिकारकही होते. पुढे १९५७ मध्ये उत्तमराव पाटील धुळ्यातून भारतीय जनसंघाच्या वतीने लोकसभेवर निवडून आले. त्या वर्षी जनसंघाचे संपूर्ण देशात केवळ चार खासदार निवडून आले होते. त्यांतील एक बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी आणि एक धुळ्याचे उत्तमराव. खानदेश एका पक्षाचा बालेकिल्ला कधीच नव्हता. हे ध्यानात ठेवले, तर पाच वेळा निवडून येण्याचा अर्थ नीट कळतो.

६/
प्रतिभाताईंचा जन्म १९ डिसेंबर १९३४ चा, सध्याच्या बोदवड तालुक्यातील नाडगावचा. फैजपूरचे अधिवेशन भरले तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या. शालेय शिक्षण जळगावच्या आर. आर. विद्यालयात, महाविद्यालयीन शिक्षण मूळजी जेठा महाविद्यालयात. राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन त्या एम.ए. झाल्या, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. टेबल टेनिसमध्ये त्यांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत ढाली मिळवल्या होत्या. पदवीनंतर त्यांनी जळगावच्या जिल्हा न्यायालयात वकिली सुरू केली आणि त्यासोबत स्त्रियांसाठी सामाजिक काम.

७/
जिल्हा न्यायालयातील वकिली हा त्या काळी राजकारणात येण्याचा रुळलेला मार्ग होता. पक्षकार गावोगावचे असत. जमिनीचे तंटे, सावकारी, वारसा, पोटगी या सर्व गोष्टी वकिलाच्या टेबलावर येत. मात्र हा मार्ग पुरुषांचा होता. तालुक्याच्या गावी स्त्री वकील दिसणे हेच तेव्हा अप्रूप, आणि तिने मते मागत फिरणे त्याहून मोठे. जळगावसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी हे घडले, याचे श्रेय व्यक्तीला आहे तसेच १९४० च्या दशकात तेथे उभ्या राहिलेल्या महाविद्यालयालाही आहे. उच्च शिक्षण घराजवळ आले, तेव्हा कुठे मुली तेथवर पोहोचल्या.

८/
फेब्रुवारी १९६२. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक, एकूण जागा २६४. काँग्रेसच्या उमेदवार म्हणून प्रतिभाताई जळगावमधून निवडून आल्या. वय सत्तावीस. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनने आक्रमण केले आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. इकडे जळगाव जिल्ह्यात प्रतिभाताईंनी महिला होमगार्ड दलाची उभारणी केली आणि त्याच्या समादेशक म्हणून काम पाहिले. लोकप्रतिनिधी म्हणून त्यांच्या नावावर नोंदलेले हे पहिले ठळक काम विधानभवनातले नव्हते, जिल्ह्यातले होते.

९/
१९६७ मध्ये त्यांचा मतदारसंघ बदलला. जळगाव शहराऐवजी जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसरीकडे विदर्भ. चांगदेव येथे तापी आणि पूर्णा यांचा संगम, आणि संत मुक्ताबाईंच्या समाधीमुळे वारकऱ्यांचा राबता. शहरी मतदारसंघ सोडून सीमेवरच्या ग्रामीण भागात जाणे धोक्याचे असते, कारण तेथे आमदाराला पत्ता विचारत लोक थेट घरी येतात. एदलाबादने त्यांना १९६७, १९७२, १९७८ आणि १९८० अशा चार निवडणुकांत निवडून दिले.

१०/
त्या तेवीस वर्षांत राज्याची मंत्रिपदाची शिडी त्यांनी एकेक पायरीने चढली. १९६७ ते १९७२ त्या वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात उपमंत्री होत्या. उपमंत्रिपद आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. स्वतंत्र निर्णयाचा अधिकार फारसा नाही, मात्र सभागृहात वरिष्ठ मंत्र्यांच्या वतीने उत्तरे द्यायची, म्हणजे खात्याची नस्ती बारकाईने वाचावी लागणार. सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण आणि संसदीय कार्य असे विषय त्यांच्याकडे होते. प्रशासन कसे चालते हे शिकण्याची ती शाळाच होती.

११/
१९७२ मध्ये त्या समाजकल्याण खात्याच्या कॅबिनेट मंत्री झाल्या. वर्ष लक्षात घ्यावे: महाराष्ट्राच्या स्मरणात ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणून कोरले गेलेले हेच वर्ष. लाखो माणसे खडी फोडण्याच्या कामावर होती, आणि वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना याच काळात आकाराला येत होती. समाजकल्याण खात्याकडे तेव्हा मागासवर्गीयांची वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, निराधारांसाठीच्या संस्था असे विषय असत. हे खाते वजनदार मानले जात नसे. महसूल, गृह, सहकार, पाटबंधारे ही वजनदार खाती. स्त्री मंत्र्याकडे समाजकल्याण सोपवण्याची रीत तेव्हापासूनची आहे आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

१२/
मात्र याच ‘हलक्या’ खात्याच्या परिसरातून एक टिकाऊ संस्था निघाली. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. २४ फेब्रुवारी १९७५ रोजी महाराष्ट्र शासनाने महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन केले. लोक त्याला ‘माविम’ म्हणतात. त्या वेळी सार्वजनिक आरोग्य आणि समाजकल्याण ही खाती प्रतिभाताईंकडे होती, आणि महामंडळाच्या उभारणीत त्यांचा वाटा महत्त्वाचा मानला जातो. २००३ मध्ये शासनाने माविमला महिला बचत गटांसाठी समन्वयक संस्था ठरवले. आज खानदेशातल्या एखाद्या गावात बचत गटाची बैठक भरते, तेव्हा त्या बैठकीच्या मागे १९७५ चा तो शासननिर्णय उभा असतो. फारच थोड्या जणींना तो माहीत असेल.

१३/
गौरवाच्या लेखांत पुढचा काळ बहुधा घाईने ओलांडला जातो. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. १९७५-७६ मध्ये प्रतिभाताई दारूबंदी, पुनर्वसन आणि सांस्कृतिक कार्य खात्यांच्या मंत्री होत्या. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कुटुंबाचा आकार मर्यादित करणारे, सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. हे विधेयक एका व्यक्तीचे नव्हते. परंतु त्या काळात सत्ताधारी बाकांवर बसलेल्या प्रत्येकाच्या कारकिर्दीच्या वहीत हे पान आहे, आणि वही वाचायची तर पाने गाळता येत नाहीत.

१४/
१९७७-७८ मध्ये त्या शिक्षणमंत्री झाल्या. मग राजकारणाचा पट उधळला. काँग्रेस फुटली. १९७८ च्या निवडणुकीनंतर वसंतदादा पाटील यांचे आघाडीचे सरकार आले, ते जुलैमध्ये कोसळले आणि शरद पवार पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे ‘पुलोद’चे, मुख्यमंत्री झाले. अनेकांनी या काळात बाजू बदलल्या, काहींनी दोनदा. प्रतिभाताई इंदिरा गांधींच्या बाजूने राहिल्या. अकरा वर्षांपूर्वी उपमंत्री म्हणून सुरू झालेला मार्ग त्यांना विरोधी बाकांवर घेऊन आला.

१५/
जुलै १९७९ ते फेब्रुवारी १९८० त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. थोड्याच महिन्यांचा हा काळ, तरी संपूर्ण कारकिर्दीत तो वेगळा उठून दिसतो. मंत्र्याच्या पाठीशी सचिव, नस्ती, आकडेवारी असते. विरोधी पक्षनेत्याला तीच माहिती प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना आणि कपात सूचना यांतून सरकारकडून काढून घ्यावी लागते. १९७८ च्या कायद्याने महाराष्ट्रातील विरोधी पक्षनेत्यांना वेतन व भत्ते मिळू लागले होते, म्हणजे हे पद नुकतेच कायद्याने मान्य झाले होते. फेब्रुवारी १९८० मध्ये पुलोद सरकार बरखास्त झाले आणि हा अध्याय संपला.

१६/
येथे खानदेशाचा एक योग नोंदवण्याजोगा आहे. १९७८ मध्ये काही महिने विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते जनसंघाचे उत्तमराव पाटील. पुलोद सत्तेवर येताच ते महसूलमंत्री झाले. पुढच्याच वर्षी विरोधी पक्षनेतेपद आले एदलाबादच्या प्रतिभाताईंकडे, आणि समोरच्या सरकारात उत्तमराव होते. तीस वर्षांनी, २००९ ते २०१४, त्याच मुक्ताईनगर मतदारसंघाचे एकनाथ खडसे भारतीय जनता पक्षाच्या वतीने विरोधी पक्षनेते झाले. सत्तेपासून दूर असल्याची तक्रार करणाऱ्या या प्रदेशाने सत्तेला जाब विचारणारी माणसे मात्र सातत्याने दिली.

१७/
१९८० मध्ये एदलाबादने त्यांना पुन्हा निवडून दिले. राज्यात काँग्रेसचे सरकार आले, मुख्यमंत्री झाले अब्दुल रहमान अंतुले. १९८२-८३ मध्ये प्रतिभाताईंकडे नगरविकास आणि गृहनिर्माण, १९८३ ते १९८५ नागरी पुरवठा आणि समाजकल्याण ही खाती होती. नागरी पुरवठा म्हणजे शिधापत्रिका, रॉकेल, साखर, गोडेतेल. आजच्या पिढीला त्या रांगांची कल्पना करणे कठीण जाईल. १९८५ मध्ये त्यांचा विधानसभेतील काळ संपला. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी विधानभवनात गेलेली स्त्री पन्नाशीत तेथून बाहेर पडली.

१८/
या तेवीस वर्षांत नेमके काय केले, असे विचारले तर उत्तर एका वाक्यात येत नाही. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा क्रांतिकारक कायदा नाही, सभागृह दणाणून सोडणाऱ्या भाषणांची ख्यातीही नाही. आहे ती उपस्थिती, खात्यामागून खाते सांभाळण्याची चिकाटी आणि दर पाच वर्षांनी त्याच मतदारांसमोर उभे राहणे. संसदीय लोकशाहीचे बहुतांश काम असेच असते. अंदाजपत्रकातील मागण्या, तारांकित प्रश्नांची उत्तरे, समितीच्या बैठका, एखाद्या गावच्या आरोग्य केंद्राची मंजुरी. हे काम नीट झाले तर बातमी होत नाही, बिघडले तरच होते.

१९/
पुढची वाटचाल दिल्लीची. १९८५ मध्ये राज्यसभा. नोव्हेंबर १९८६ ते नोव्हेंबर १९८८ उपसभापतिपद. पहिल्या परिच्छेदातील प्रसंग याच काळातला. १९८८ ते १९९० महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद. १९९१ मध्ये अमरावतीतून लोकसभा, कारण १९६५ मध्ये डॉ. देवीसिंह शेखावत यांच्याशी विवाह झाल्यापासून अमरावती हे त्यांचे सासर होते. १९९६ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि पुढची आठ वर्षे कोणतेही घटनात्मक पद त्यांच्याकडे नव्हते. ६१ व्या वर्षी ही कारकीर्द संपली असेच तेव्हा कोणालाही वाटले असते.

२०/
पदांच्या बाहेर संस्था होत्या. श्रमसाधना ट्रस्टमार्फत दिल्ली, मुंबई, पुणे येथे नोकरदार महिलांची वसतिगृहे आणि जळगावजवळ बांभोरी येथे अभियांत्रिकी महाविद्यालय. जळगावात अंधांसाठी औद्योगिक प्रशिक्षण शाळा. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या मुलांसाठी शाळा. यांतल्या अनेक संस्था टिकल्या. एक टिकली नाही: त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या प्रतिभा महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला, आणि २००७ मध्ये विरोधकांनी हा मुद्दा प्रखरपणे मांडला. महाराष्ट्रातील सहकाराचा इतिहास अशाच दोन स्तंभांत लिहिला जातो, उभे राहिलेले आणि बुडालेले. खानदेशाला दोन्ही ठाऊक आहेत.

२१/
८ नोव्हेंबर २००४ रोजी त्या राजस्थानच्या राज्यपाल झाल्या, त्या राज्याच्या पहिल्या महिला राज्यपाल. २००६ मध्ये तेथील विधानसभेने मंजूर केलेले धर्मांतरविरोधी विधेयक त्यांनी स्वाक्षरी न करता परत पाठवले. सत्तेत भाजपचे सरकार होते, वाद झाला. जून २००७ मध्ये पडदा पद्धतीचा संबंध त्यांनी मुघल आक्रमणांशी जोडला, तेव्हा अनेक इतिहासकारांनी आक्षेप घेतला. स्त्रियांना पडद्यात ठेवण्याचे दाखले मुघलांच्या कितीतरी आधीचे आहेत, हा त्यांचा मुद्दा होता. सार्वजनिक व्यासपीठावरून बोलला जाणारा इतिहास तपासून घ्यावा लागतो, मग वक्ता कितीही मोठ्या पदावर असो.

२२/
राष्ट्रपतिपदाचे मतदान १९ जुलै २००७ रोजी झाले. प्रतिस्पर्धी होते तत्कालीन उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत. या निवडणुकीत प्रत्येक मताला मूल्य असते. १९७१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आणि खासदाराच्या मताचे ७०८. राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. निकाल: ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६. ज्या विधानसभेत त्या तेवीस वर्षे बसल्या, तेथील आमदारांनी आपले १७५ मूल्याचे मत देताना पक्षाची रेघ ओलांडली. महाराष्ट्रातून राष्ट्रपती होणाऱ्या त्या पहिल्याच.

२३/
राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, त्यामुळे या पाच वर्षांचे श्रेय आणि दोष दोन्ही जपून वाटावे लागतात. जून २००९ च्या संसदेतील अभिभाषणात महिला आरक्षणाचा उल्लेख होता, ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने ते विधेयक मंजूर केले, आणि लोकसभेत ते अडले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी, ७४ व्या वर्षी, त्यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० विमानातून उड्डाण केले. अनुच्छेद ७२ खाली त्यांच्या काळात तीसहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेत बदलली गेली. आधीच्या काळातील अर्ज वर्षानुवर्षे पडून होते. काहींनी याला करुणा म्हटले. पीडितांच्या बाजूने बोलणाऱ्यांना ते मान्य नव्हते.

२४/
निवृत्तीचा काळ मात्र वादाचा ठरला. पुण्यात खडकी येथील लष्करी जमिनीवर त्यांच्यासाठी निवासस्थान उभे राहत होते. माजी सैनिकांनी आणि माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतल्यावर एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी ते घर नाकारले. परदेश दौऱ्यांवर दोनशे कोटींहून अधिक रुपये खर्च झाल्याची माहितीही त्याच सुमारास बाहेर आली. २४ जुलै २०१२ रोजी त्यांनी राष्ट्राला निरोपाचे भाषण केले आणि दुसऱ्या दिवशी प्रणव मुखर्जी यांनी शपथ घेतली. पन्नास वर्षांपूर्वी जळगावातून सुरू झालेल्या सार्वजनिक जीवनाची औपचारिक सांगता अशी झाली.

२५/
आता मूळ प्रश्न. गौरव कशाचा? निरोपसमारंभात सर्वच सदस्य ‘अजातशत्रू’ होतात आणि सर्वांचीच सेवा ‘निष्काम’ ठरते. असा गौरव इतिहासाच्या उपयोगाचा नाही, आणि ज्याचा केला त्याच्याही फारसा कामाचा नाही. २००७ ते २०१२ चे वाद खरे आहेत, परंतु तेवढ्यावर निकाल देणे म्हणजे शेवटचे पान वाचून पुस्तकाचे परीक्षण लिहिण्यासारखे आहे. पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून आरती ओवाळणे हेसुद्धा शेवटच्या पानाचेच वाचन. दोन्ही बाजू एदलाबादचे नाव घेत नाहीत.

२६/
एका आकड्याने त्या तेवीस वर्षांचे वजन कळते. २०१९ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांवर केवळ २४ महिला निवडून आल्या. प्रतिभाताई प्रथम निवडून आल्यानंतर ५७ वर्षांनी ही स्थिती. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत एक तृतीयांश आरक्षण मंजूर केले, तरी त्याची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघ पुनर्रचनेला जोडलेली आहे. या पार्श्वभूमीवर, आरक्षणाविना, सीमेवरच्या ग्रामीण मतदारसंघातून एका स्त्रीने चार वेळा निवडून येणे ही गोष्ट राष्ट्रपतिपदापेक्षा लहान नाही. राष्ट्रपतिपदासाठी पक्षाध्यक्षांची पसंती लागते. एदलाबादसाठी शेतमजूर बाईचे मत लागते.

२७/
हे काम तपासून पाहण्याची सोय आहे. विधिमंडळाच्या कार्यवाहीचे छापील खंड मुंबईच्या विधानभवनाच्या ग्रंथालयात आहेत. कोणत्या सदस्याने कोणता प्रश्न विचारला, मंत्र्यांनी काय उत्तर दिले, कोणत्या विधेयकावर कोण बोलले आणि कोण गप्प राहिले, हे सर्व त्यांत सापडते. जळगाव आणि धुळ्याच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्याच्या एका जुन्या आमदाराचे खंड काढून वाचले, तर खानदेशाचा असा इतिहास लिहिला जाईल जो अजून कोणीही लिहिलेला नाही. उत्तमराव पाटील, मधुकरराव चौधरी, प्रतिभाताई पाटील, तिघेही त्या पानांत एकमेकांच्या समोरासमोर बसलेले आहेत. सुरुवात १९६२ च्या खंडापासून करता येईल.